छंद आणि चरितार्थ

आजच्या भाषणाचा विषय ऐकून माझ्या जुन्या सहकाऱ्यांस हंसूं येईल. मी मॅट्रिक झालेला; पुढें अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून जन्मभर तापीकांठच्या प्राथमिक शाळांतून मुळाक्षरें आणि पाढे शिकविणारा मनुष्य. मायक्रोकंट्रोलर नांवाच्या यंत्राविषयीं बोलण्याचा मला अधिकार तो कोणता? अधिकार एवढाच कीं, या यंत्राचा छंद लागलेला एक विद्यार्थी माझ्या हातून निसटला. तो कां निसटला, याचा विचार करतां करतां मला आपल्या खानदेशाच्या गेल्या नव्वद वर्षांच्या इतिहासांत शिरावें लागलें. तेथें जें सांपडलें, तें आज आपल्यापुढें मांडतों.

आधीं यंत्राची ओळख करून घेऊं. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर हिशेब करणारा भाग, स्मरण ठेवणारा भाग आणि बाहेरच्या जगाशीं जोडणारीं तारांचीं टोकें, असें सारें एकत्र बसविलें म्हणजे मायक्रोकंट्रोलर होतो. त्यास एकदां शिकविलेलें काम तो अहोरात्र करीत राहतो. पाहणें, ठरविणें, करणें आणि पुन्हां पाहणें, एवढाच त्याचा धर्म. विजेचा दाब पुरेसा आहे काय? असेल तर मोटार चालू कर. नसेल तर थांब. आणि पुन्हां पाहा. हें तो एका सेकंदांत हजारों वेळां करूं शकतो. घरांतील कपडे धुण्याचें यंत्र, भिंतीवरचा विजेचा नवा मीटर, अशा कितीतरी वस्तूंच्या पोटांत हाच बसलेला असतो.

अमेरिकेंतील टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें सन १९७४ मध्यें असा तुकडा प्रथम बाजारांत आणला. सन १९८० मध्यें इंटेल कंपनीची ८०५१ ही चिप आली. तिला चाळीस पाय, शिकविलेलें काम लिहून ठेवण्यास ४,०९६ अक्षरांची जागा, आणि चालू हिशेबाच्या टांचणास अवघी १२८ अक्षरांची पाटी. पोस्टकार्डावरील खुशालीचा मजकूरही याहून मोठा असतो. तरी आपल्या तंत्रशिक्षणाच्या कितीतरी पिढ्या या चिपवरच वाढल्या.

छंदिष्टांस मात्र हें सुख बरेच दिवस लाभलें नाहीं. लिहिलेलें काम पुसावयाचें तर चिप अतिनील किरणांच्या दिव्याखालीं दहावीस मिनिटें धरावी लागे, आणि नवें लिहावयास निराळें महागडें यंत्र लागे. सन १९९३ च्या सुमारास विजेनेंच पुसतां येणाऱ्या चिपा मिळूं लागल्या. पुढें सन २००५ मध्यें इटलींतील इव्हरेया या गांवीं एका रचनाकलेच्या संस्थेंत मास्सिमो बान्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकरितां आर्डुइनो नांवाचा बोर्ड तयार केला. ते विद्यार्थी प्रामुख्यानें रचनाकलेचे; त्यांना जमेल इतकी सोपी ही विद्या करावयाची, हा त्यांतला हेतु होता. शिवाय त्यांनीं आपला आराखडा जगास खुला केला. ज्यास हवा त्यानें पाहून बनवावा. यामुळें कांहीं शें रुपयांत त्याच्या प्रती मिळूं लागल्या, आणि ज्याच्या घरीं संगणक नाहीं असा मुलगाही मित्राच्या संगणकावर बसून त्यास काम शिकवूं लागला.

हा बोर्ड खानदेशांत आला तो खेळणें म्हणून. परंतु येथें त्याच्यासाठीं काम आधींच वाट पाहत बसलें होतें. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीला उन्हाळ्यांत पाण्याचा खंड सोसत नाहीं. शेतीची वीज तर वर्षानुवर्षें पाळीपाळीनें आणि पुष्कळदां रात्रींची येत आली आहे. मध्यरात्रीं हातांत बॅटरी घेऊन विहिरीवर जावें, वाटेंत साप-विंचवाचें भय, आणि स्टार्टरचें बटण दाबावें तों वीज गेलेली. म्हणून लोकांनीं स्टार्टरला ऑटोस्विच बसविला. वीज आली कीं मोटार आपोआप सुरू. सोय झाली खरी. पण एका रोहित्रावरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणीं सुरू होऊं लागल्या आणि तो भार रोहित्रास पेलेना. ‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा,’ हें महावितरणचें आवाहन आपल्यापैकीं शेतकरी श्रोत्यांनीं कितीदां तरी वाचलें असेल.

ऑटोस्विच हा आंधळा नोकर आहे. मायक्रोकंट्रोलरला डोळे देतां येतात. तिन्ही फेज आल्या आहेत काय हें तो पाहूं शकतो. शेजारच्या मोटारीनंतर दोन मिनिटांनीं आपली मोटार सुरू कर, असें त्यास सांगतां येतें. मोबाइलवर निरोपही धाडतां येतो. पुण्याचे संतोष ओस्तवाल हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंता. रात्रीं-अपरात्रीं पंपाकडे चालत जाणाऱ्या आपल्या आजोबांचे हाल त्यांनीं पाहिले होते. त्यांनीं मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारें ‘नॅनो गणेश’ हें उपकरण तयार केलें, आणि सन २००९ मध्यें नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें. शेतकऱ्याच्या नातवाची कळकळ आणि अभियंत्याचें शिक्षण हीं दोन्हीं एका ठिकाणीं आलीं, म्हणजे काय होतें याचा हा दाखला आहे.

माझ्या विद्यार्थ्यापाशीं यांतील कळकळ तेवढी होती. चौथींत असतांना त्यानें शाळेचा रेडिओ उघडून त्याचे भाग बांकावर मांडून ठेवले होते. तो रेडिओ जडसंग्रहाच्या नोंदवहींत माझ्या सहीनें चढलेला. तपासणीला साहेब येणार या भीतीनें मीं त्या पोराच्या दोन थोबाडींत दिल्या आणि दिवसभर दाराशीं उभें केलें. संध्याकाळीं त्यानेंच तो रेडिओ जोडून दिला. तो पूर्वीहून स्पष्ट बोलूं लागला होता. तरी शाबासकीचा शब्द माझ्या तोंडून निघाला नाहीं.

पुढें दहावींत इंग्रजी राहिलें आणि शाळा सुटली. सन २०१३ च्या सुमारास त्यानें आर्डुइनोचा एक बोर्ड मिळविला आणि मित्राच्या संगणकावर चित्रफिती पाहून, अर्धें समजून अर्धें अंदाजानें, पंपासाठीं एक उपकरण केलें. पहिलें घरच्या विहिरीवर चाललें. दुसरें शेजाऱ्यानें मागितलें, तिसरें दूरच्या एका शेतकऱ्यानें. मे महिना होता. त्या तिसऱ्या विहिरीचें पाणी खालीं गेलें, आणि मोटार रात्रभर कोरडी फिरत राहिली. पाण्यांत बुडून चालणाऱ्या मोटारीस थंड ठेवतें तें पाणीच. तें नसलें कीं आंतील वेटोळीं जळतात. त्याचें उपकरण विजेकडे पाहत होतें, पाण्याकडे पाहत नव्हतें.

यावर उपाय कांहीं गहन नव्हता. पंप पाण्याऐवजीं हवा ओढूं लागला कीं मोटारीवरचा भार हलका होतो आणि तिचा विजेचा ओढा कमी होतो. तो ओढा मोजावा, ठराविक मर्यादेच्या खालीं गेला कीं मोटार बंद करावी. या धंद्यांतल्या कोणाही जाणत्यानें हें दोन वाक्यांत सांगितलें असतें. परंतु विचारावें कोणास? तालुक्याच्या गांवीं मोटार बांधणारे होते, त्यांना चिप ठाऊक नव्हती. चिप ठाऊक असणारे महाविद्यालयांत होते, तेथें याला दार नव्हतें. जळालेल्या मोटारीची भरपाई वडिलांनीं कापसाच्या पैशांतून केली. उपकरणें पोत्यांत गेलीं आणि मुलगा सुरतेस गेला. खानदेशांतल्या कोणत्या गांवचा मुलगा सुरतेस गेलेला नाहीं?

हा दोष कोणाचा, हें पाहावयास आतां थोडें मागें जाऊं.

डिसेंबर १९३६ मध्यें आपल्या यावल तालुक्यांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवच्याच सामानानें तें नगर सजविलें, आणि ग्रामोद्योगांचें प्रदर्शन तेथें मांडलें गेलें. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १९३७ मध्यें, वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं नयी तालीम देशापुढें ठेवली. हाताच्या उद्योगांतून बुद्धीचें शिक्षण व्हावें, हा तिचा गाभा. स्वातंत्र्यानंतर शाळांतून तिची टकळी झाली, टकळीचा एक तास झाला, आणि तासाचे गुण झाले. सन १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभवाची शिफारस केली. तो विषय मीं स्वतः शिकविला आहे. कागदाचीं फुलें करवून घेतलीं, गुण भरले, वही मिटली. ज्या मुलानें रेडिओ उघडून जोडला त्यास माझ्या कार्यानुभवाच्या तक्त्यांत जागा नव्हती.

दुसरा धागा अमळनेरचा. डिसेंबर १९४५ मध्यें मोहंमद प्रेमजी यांनीं तेथें वनस्पति तुपाची एक कंपनी काढली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हें तिचें नांव. सन १९६६ मध्यें त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी तिचे चालक झाले. आयबीएम कंपनी भारतांतून गेल्यावर, सन १९८० च्या सुमारास, या कंपनीनें संगणकाच्या धंद्यांत पाऊल टाकलें. तीच आजची विप्रो. खानदेशी शेंगदाण्याच्या मुलखांत लावलेल्या रोपाची जगभर कीर्ति झाली, याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? पण संगणकाचें काम वाढलें तें बंगळूरास. आमचीं जीं मुलें शिकलीं तीं तिकडे गेलीं. जीं शिकलीं नाहींत त्यांना त्या कामाचा वाराही लागला नाहीं.

तिसरा धागा सन १९८३ चा. त्या वर्षीं वसंतदादा पाटील यांच्या सरकारनें विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली, आणि जळगांवनजीक बांभोरी येथें व धुळ्यास अशीं महाविद्यालयें निघालीं. पूर्वीं पुण्या-मुंबईस जावें लागे, तें शिक्षण दाराशीं आलें. हा लाभ लहान नव्हे. त्याच वर्षीं पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम स्थापन केला. ते अमेरिकेंत पीएच. डी. झालेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागांतील मोठी नोकरी सोडून खेड्यांत आलेले. शाळा सुटलेल्या मुलांस वर्षभर ठेवून घ्यावें. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य हीं चार दालनें हातानें काम करीत शिकवावींत. आणि गांवकऱ्यांचीं खरीं कामें मोबदला घेऊन करावींत, असा त्यांचा क्रम. सन २००२ मध्यें एम. आय. टी. या अमेरिकन विद्यापीठाच्या साह्यानें तेथें फॅब लॅब उभी राहिली. त्या विद्यापीठाबाहेर निघालेल्या अगदीं पहिल्या फॅब लॅबांत तिची गणना होते. दहावींत अडलेल्या मुलाच्या हातीं मायक्रोकंट्रोलर देण्याची वाट अशी महाराष्ट्रांतच निघाली होती. ती माझ्या तापीकांठीं पोंचली नाहीं, आणि मींही ती शोधावयास गेलों नाहीं.

आतां आजचीं दारें पाहूं. सरकारनें सन २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब ही योजना चालविली आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीं शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान, आणि त्यांत मायक्रोकंट्रोलरचे संच. अशा दहा हजार प्रयोगशाळा देशांत झाल्या, आणि सन २०२५ च्या अर्थसंकल्पांत पांच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. एका शाळेंतील अशी खोली मीं पाहिली आहे. संच खोक्यांत, खोक्यांवर चिकटपट्टी तशीच. कारण विचारतां मुख्याध्यापक म्हणाले, ‘गुरुजी, एखादा भाग हरवला तर जडसंग्रहाला उत्तर कोण देणार?’ त्यांना मी कोणत्या तोंडानें नांवें ठेवूं? माझाच रेडिओ त्या खोक्यांत होता. उलट, ज्या शाळेंत एखादा शिक्षक कुलूप उघडतो, तेथें मुलें सुट्टीच्या दिवशींही येऊन बसतात, हेंही मीं पाहिलें आहे.

मुंबईच्या आयआयटीनें ई-यंत्र हा उपक्रम काढून अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्रमानवाच्या प्रयोगशाळा व स्पर्धा सुरू केल्या. तिच्याच स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमांत मराठीसह अनेक भारतीय भाषांतून छोटे छोटे फुकट पाठ मिळतात. इंग्रजीपाशीं अडलेल्या मुलास आपल्या भाषेंत समजावणारा आवाज ही केवढी शिदोरी आहे, हें मास्तराखेरीज कोणास कळणार?

परंतु आईबाप विचारतात तो प्रश्न निराळा असतो: ‘गुरुजी, यानें पोट भरेल काय?’ या प्रश्नास गोड उत्तर देणें पाप आहे. म्हणून सरळ सांगतों. पुण्या-बंगळूरच्या मोठ्या कंपन्यांत नवी उपकरणें रचण्याची नोकरी बहुधा पदवीवांचून मिळत नाहीं. सी-डॅक या सरकारी संस्थेचा या विषयावरील सुमारें सहा महिन्यांचा नांवाजलेला अभ्यासक्रम आहे, पण तोही पदवीधरांसाठीं. दहावी झालेल्यास खरी पायरी म्हणजे आय. टी. आय.; या संस्था सन १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेंतून वाढल्या. तेथील इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला कीं पदविकेच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश घेतां येतो, आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षास. जिना लांबचा आहे, पण तुटलेला नाहीं. शिवाय सन १९६१ च्या कायद्यान्वयें कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी करतां येते. तींत विद्यावेतनही मिळतें.

आणि काम म्हणाल तर तें आपल्या अंगणांत आहे. जळगांवास भवरलाल जैन यांच्या उद्योगानें ठिबक सिंचन घरोघर नेलें. त्या ठिबकच्या झडपा वेळेवर उघडणारे नियंत्रक शेतांत बसवावे लागतात, बिघडले तर दुरुस्त करावे लागतात. धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, आणि त्याच तालुक्यांत शिवाजीनगरला सौर विजेचा प्रकल्प आहे. त्या साऱ्यांच्या पोटांत हेच नियंत्रक आहेत. विहिरी-कूपनलिकांची तर गणतीच नाहीं. हीं कामें बसविणाराचीं आणि दुरुस्त करणाराचीं आहेत. त्यांस हात, डोळे आणि सचोटी लागते.

मात्र छंदासाठीं म्हणून कोणी कोणास नोकरी देत नाहीं. टेबलावर लुकलुकणारा दिवा आणि शेतांत चालणारें उपकरण यांत मोठें अंतर आहे. तेथें विजेचा दाब खालींवर होतो, पेटींत पाल शिरते, मुंग्या घर करतात, आणि वैशाखांत पत्र्याची पेटी तव्यासारखी तापते. म्हणून मुलांस मी सांगतों कीं, आपण केलेल्या प्रत्येक उपकरणाची एक वही ठेवा. तें किती दिवस चाललें, केव्हां बंद पडलें, कां पडलें, मग काय केलें, हें तींत लिहा. जाणता मालक प्रमाणपत्रानंतर हेंच विचारतो, आणि कधीं कधीं प्रमाणपत्राआधींही.

सन १९९० मध्यें जळगांवास विद्यापीठ निघालें, आणि सन २०१८ मध्यें त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव मिळालें. बहिणाबाईंस अक्षरओळख नव्हती. त्या ओव्या रचीत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व इतर घरचीं माणसें त्या उतरून घेत. उतरून घेणारें माणूस घरांत होतें म्हणून तें धन आपणांस लाभलें. छंद लागलेल्या प्रत्येक मुलास असें एक माणूस हवें असतें. गेल्या नव्वद वर्षांत आपल्याकडे योजना आल्या, महाविद्यालयें आलीं, खोके आले; उणें राहिलें तें हें माणूस.

निवृत्तीनंतर मीं माझ्या ओसरीवर एक जुनें टेबल मांडलें आहे. रविवारीं गांवांतलीं तीन-चार मुलें तेथें बसतात. चिपमधलें मला कांहीं कळत नाहीं. मी इंग्रजी सूचना वाचून अर्थ सांगतों, वह्या लिहिल्या कीं नाहीं तें पाहतों, आणि एखादा भाग जळाला तर रागावत नाहीं. हें शेवटचें शिकावयास मला साठ वर्षें लागलीं.

गेल्या आखाजीला तो सुरतेचा विद्यार्थी गांवीं आला होता. पायां पडावयास म्हणून ओसरीवर आला आणि टेबलापाशीं थबकला. एक सातवींतला मुलगा पंपाचें उपकरण जोडीत होता. वीज आली कीं मोटार कशी सुरू होईल, हें त्यानें मोठ्या उत्साहानें समजावून सांगितलें. याने सारें ऐकून घेतलें आणि हळूच विचारलें, ‘आणि विहिरींतलं पाणी संपलं तर?’

मुलगा गप्प झाला. मग दोघेही खालीं सतरंजीवर बसले, आणि मी चहा सांगावयास आंत गेलों.